तिसरा कुठे उभा आहे?

आमच्या सरांना दोन माणसांमध्ये कधीच रस नव्हता. लग्नाला गेले तरी अख्खा मांडव नवरा-नवरीकडे बघत असायचा आणि हे खांबाला टेकून तिसऱ्याच कुणाला तरी निरखत असायचे. "दोघं जवळ उभे आहेत, एवढ्यावरून काय डोंबल कळणार? तिसरा कुठे उभा आहे ते सांगा," हे त्यांचं पालुपद. एकदा रसायनवाल्या सरांचं आणि ग्रंथपालांचं बोलणं बंद झालं. स्टाफरूमने आठवडाभर चर्चा केली, कोण बरोबर आणि कोण चूक. सरांनी चहा ढवळत विचारलं, "तिसरा कोण?" आणि निघालाही तिसरा, ऑफिसातला हेडक्लार्क, दोघांच्याही कानाला लागलेला. असं दोन-तीनदा झालं की माणसाचा राग येतो. मला तर फारच यायचा.

मी तेव्हा नवीच लागले होते. रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातली मुलगी, पुण्याला जाऊन संख्याशास्त्र शिकून आलेली, म्हणजे घरच्यांच्या मते निम्मी हातची गेलेली. तोंड फटकळ. धुळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला दम दिला, "तिथे कुणाला उलट बोलू नको." आठवडाही टिकलं नाही ते. सर भौतिकशास्त्राचे, मूळचे पहूरचे, एकटे, निवृत्तीला सहा-सात वर्षं राहिलेले. चष्म्याच्या काचा जाड, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि ओळख ना पाळख, म्हणाले, "बाई, तुम्ही स्क्यूनेस शिकवता?"

स्क्यूनेस म्हणजे आकड्यांची रास एका बाजूला किती कलली आहे त्याचं माप. मी म्हटलं, "शिकवते की. दोन तास."

"फक्त दोन?"

"सिलॅबसमध्ये तेवढेच आहेत, सर. मी काय घरचे आणू?"

दुसरा कुणी असता तर प्राचार्यांकडे गेला असता. सर मात्र खूश झाले. "आणा ना," म्हणाले. "माझ्याकडे अकरा वर्षांचा कल साठलाय. तो बघायला धुळ्यात कुणी नाही."

खिशात त्यांच्या नेहमी भाजलेले शेंगदाणे. ते टेबलावर ओतायचे आणि सगळ्यांनी हात पुढे केले की ओरडायचे, "थांबा, थांबा!" मग वाकून, चष्मा कपाळावर चढवून, दाणे कसे पडलेत ते बघायचे. कुठे तीन एकत्र, कुठे नुसती रांग, कुठे मोकळं मैदान. बघून समाधान झालं की "हं, खा," अशी परवानगी. आमचे लोक काय कमी खट्याळ! ते मुद्दाम झडप घालून दाणे उचलायचे आणि सर खरोखर हळहळायचे.

त्यांचं काम काय, ते मला पहिल्यांदा त्यांनी एसटीच्या नकाशावर समजावलं. धुळ्याच्या स्टँडवर, साक्रीच्या गाडीची वाट बघत. साक्रीला त्यांना कुणाच्या तरी तेराव्याला जायचं होतं, पण गाडी आली, भरली, गेली, तरी हे भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून उभेच.

"हे बघा. साक्रीकडचे पाडे. आणि हे धरणगावकडचं. आता मी दोन-दोन गावांची जोडी घेऊन अंतरं मोजली, तर कळेल की गावाजवळ गाव असतं. बरं मग? ते दोन्हीकडे सारखंच निघू शकतं. पण तीन-तीन घ्या. इकडे तिसरं गाव नाल्याच्या काठाने रांगेत पुढे जातं. तिकडे तिसरं गाव पहिल्या दोघांच्या कुशीत येऊन बसतं, कारण बाजार तिथे आहे. जोडीला गर्दी कळते. गर्दीचा स्वभाव कळायला तिसरा लागतो."

"आणि हे तुम्ही गावांचं मोजता?"

"छे! गावांचं कशाला? दीर्घिकांचं."

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अख्खी वस्ती. अशा लाखो वस्त्या आकाशात आहेत, आणि त्याही गावांसारख्याच कुठे गच्च, कुठे विरळ, कुठे काहीच नाही अशा बसलेल्या. त्या तशा का बसल्या, ते जगातले मोठमोठे लोक शोधत होते. आमचे सरही शोधत होते, साक्रीची दुसरी गाडीही चुकवून. तेरावं राहिलं ते राहिलंच.

मजा म्हणजे ह्या माणसाने आकाशाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. गच्चीवर पोरांनी विचारलं, "सर, सप्तर्षी कुठे?" तर म्हणाले, "पंचांगवाल्याला विचारा." डोळे आधीच अधू, त्यात साखरेचा आजार. त्यांचं आकाश कागदावर होतं. पुण्यातल्या एका जुन्या मित्राने त्यांना दीर्घिकांच्या यादीच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या, प्रत्येकीच्या जागेचे दोन आकडे. त्यावरून सरांनी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडला. एक दीर्घिका, एक ठिपका. कागद मांजरपाटावर चिकटवले, मांजरपाटाच्या गुंडाळ्या केल्या, आणि त्या गुंडाळ्या खाटेखाली, कपाटावर, मोरीच्या भिंतीपर्यंत रचून ठेवल्या. कॉलेजात एक कॉम्प्युटर आलेला होता. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं आत जायचं. सर एका गुरुवारी गेले, तीन तास आकडे भरले, आणि दिवे गेले. सगळं पुसलं गेलं. परत त्या खोलीचं नाव त्यांनी काढलं नाही.

सर राहायचे अक्कांच्या घरी, पांझरा नदीच्या बाजूला, पुढची एक खोली घेऊन. अक्का सत्तरीच्या, एकट्या. दोन्ही मुलं सुरतला. चाळीस वर्षं बाजारात लिंबं विकलेली बाई. गुडघे गेले तेव्हा पाटी सोडली, पण हात रिकामे राहिले म्हणून दिवसभर चिडचिड. सरांची नजर कमी व्हायला लागली तेव्हा ह्या दोन अडचणी एकमेकींना भेटल्या, एवढंच झालं. ठिपके मांडून झाले होते, मोजायचे राहिले होते, आणि सरांना दोन ठिपक्यांचा एक दिसायला लागला होता.

अक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोजणं! लिंबं पाच-पाच करून मोजायची, दोन हातांत, बोलता बोलता, भांडता भांडता, आणि चूक म्हणून नाही. पद्धत त्यांनीच बसवली. जाड पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापलेली. ती कागदावर ठेवायची. खिडकीत जेवढे ठिपके दिसतील त्या प्रत्येकावर एकेक तीळ ठेवायचा, म्हणजे कुठला सुटत नाही आणि कुठला दोनदा येत नाही. मग झाडूच्या काडीने पाच-पाच तीळ बाजूला ओढायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. सर वहीत लिहायचे, बोटाएवढ्या अक्षरात. खिडकी पुढे सरकवायची. असं चार वर्षं.

आणि तिळांमुळे पंखा बंद! धुळ्याचा मे महिना, भिंतींना हात लावला तर चटका, आणि वर पंखा असून बंद. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने बटण दाबलं. तीळ उडाले. अक्कांनी जी काही अहिराणी ऐकवली ती मी इथे लिहू शकत नाही. शेवटचं एवढं कळलं, "शिकेल बाई शे म्हनतस, आन् अक्कल नई!" सर भिंतीकडे तोंड करून हसत होते. मी मुकाट्याने खाली बसून तीळ वेचले. आईला मी उलट बोलायची, प्राचार्यांना बोलायची, अक्कांना नाही बोलले कधी.

त्या खोलीत मी पुढे तीन उन्हाळे काढले. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायच्या, सर शिकवायचे, मी वाद घालायची. चौकोनातला आकडा घ्यायचा, सरासरीपासून तो किती दूर ते काढायचं, आणि त्या फरकाचा घन करायचा. जोडीसाठी वर्ग, तिसऱ्यासाठी घन. वर्ग केला की गर्दी आणि ओसाडी दोघी सारख्याच दिसतात. घन केला की चिन्ह टिकतं, आणि गच्च चौकोन सगळ्यांच्या वर बोलायला लागतात. मी पुस्तकात शिकलेली गोष्ट सरांनी मला तिळांवर शिकवली. त्यांच्याइतका चांगला शिक्षक मला मिळाला नाही, हे आज सरळ लिहून टाकते. तेव्हा मी तसं म्हटलं असतं तर सर शेफारले असते.

मग एका दिवाळीनंतर सर स्टाफरूममध्ये आले ते वेगळेच. शेंगदाणे ओतले आणि "थांबा" म्हणाले नाहीत. मला खिडकीपाशी नेऊन हळूच म्हणाले, "बाई, कमी निघतंय."

"काय कमी निघतंय?"

"तिसऱ्या घाताचं माप. जगभरच्या लोकांनी काढलंय त्याच्यापेक्षा कमी. थोडंच, पण प्रत्येक गुंडाळीत कमी. अगदी गच्च जागा पाहिजेत तेवढ्या गच्च नाहीत. माणसं म्हणतात गर्दीला गर्दी खेचते, खेचतच राहते. मी म्हणतो, एका हद्दीनंतर गर्दीलाही संकोच वाटतो."  पंधरा वर्षं झाली होती त्या कामाला. कॉलेजात त्यांना लोक मागून 'तिळवाले सर' म्हणायचे, ते त्यांना ठाऊक होतं. पुण्याला फेब्रुवारीत एक परिषद होती. मित्राने त्यांचं नाव घातलं होतं, निबंध वाचायला वीस मिनिटं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजरेची वर्षभरापेक्षा जास्त खात्री देता येणार नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच फेब्रुवारीत. पुढची परिषद त्यांच्यासाठी नव्हती.

"तुम्ही एक काम करा," म्हणाले. "माझी चूक शोधा. तुमचा स्वभाव चांगला आहे त्याला."

मी शोधायला बसले. आधी सगळी गणितं तपासली. स्वच्छ होती. कागदाच्या कडांचे अर्धवट चौकोन त्यांनी वगळले होते, तेही बरोबर. महिनाभर काही सापडेना आणि मला आनंद होत होता. मनात म्हणत होते, होऊ दे ह्या माणसाचं एकदा. मग शेवटी, नुसतं काम पुरं करायचं म्हणून, एक गुंडाळी घरी आणली आणि एक गच्च चौकोन पेन्सिलने टिंब देत स्वतः मोजला. अठ्ठ्याऐंशी आले. वहीत चौऱ्याऐंशी होते.

परत मोजला. अठ्ठ्याऐंशी.

म्हटलं, दमल्या असतील अक्का त्या दिवशी. दुसरा घेतला. माझे सत्तेचाळीस, वहीत पंचेचाळीस. तिसरा, माझे त्रेसष्ट, वहीत साठ. विरळ चौकोन घेतले तर सात ते सात, तेरा ते तेरा, एकोणीस ते एकोणीस, तंतोतंत. दुपारभर मी मोजत राहिले. वीसच्या आतला एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि त्याच्या वर प्रत्येक विशीमागे एक नाहीसा. चुकून चुकणारा माणूस असा चुकत नाही.  गच्च जागा पाहिजेत तेवढ्या गच्च का नव्हत्या, ते मला कळलं होतं.

दोन दिवस मी सरांना टाळलं. संडासात लपून बसले म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी त्यांनीच धरलं. "सापडली ना?" म्हणाले. माझं तोंड बघूनच ओळखलं त्यांनी. मी वही पुढे केली, सगळं सांगितलं, आणि मग जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "सर, फरक थोडा आहे. पुण्यात कोण येतंय तीळ मोजायला? वाचून टाका. पुढे कुणी काढली चूक तर काढू दे."

सरांनी वही मिटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मला आता तुमचं तोंड नीट दिसत नाही. म्हणून बरं, तुम्ही हे माझ्याशी बोललात ते मी पाहिलं नाही असं धरू." एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं.

संध्याकाळच्या उजेडात आम्ही दोघं अक्कांच्या समोर बसलो. सर म्हणाले, "अक्का, ह्या बाईंना मोजायला शिकायचंय. एक चौकोन मोजून दाखवा." अक्कांना बरं वाटलं. तीळ मांडले, काडी घेतली. पाच, धा, पंधरा, ईस. आणि विसाव्यानंतर काडीने एक तीळ उचलून शेजारच्या वाटीत टाकला. पुढे परत पाच, धा.

"हा कसला, अक्का?" मी विचारलं.

"हाऊ? हाऊ वरला. ईसवर एक देवना राहास. तो काय मोजतस व्हय?" माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी बाजार कधी बघितलाच नाही. आणि खरंच आहे, लिंबं घेताना आपणही बघतो, विसावर एक वरचं टाकल्याशिवाय बाजारातली बाई पुढे मोजत नाही. अक्का तर ते वरचं शनिवारच्या बाजारी मारुतीच्या नावाने बाजूला ठेवायच्या. लिंबं गेली, तीळ आले, रीत तीच राहिली. वाटी दर शनिवारी मारुतीला. चार वर्षं ती वाटी आमच्या तिघांच्या मध्ये होती. मला ती उरलेल्या तिळांची वाटी वाटायची, आणि सरांना ती दिसतच नव्हती. मी स्वतःला संख्याशास्त्राची बाई म्हणवते!

सर म्हणाले, "बरोबर आहे, अक्का." आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी मागे गेले. मला वाटलं, रडतील. ते बोटांवर काही तरी करत होते. "बाई," म्हणाले, "कमाल आहे ह्या बाईची. चार वर्षांत एकदा तरी विसरायला पाहिजे होती देवाला. एकदाही विसरली नाही. म्हणजे परत सगळं मोजायला नको. वहीतल्या आकड्यात जेवढ्या विश्या, तेवढे मिळवा. झालं."

"पूर्ण विशी असेल तिथे?" मी म्हटलं. "वहीत वीस असेल तर खरे वीसही असतील आणि एकवीसही. शेवटचा देवाचा निघाला की नाही, ते कळणार कसं?"

"तेवढे पुन्हा मोजावे लागतील," सर म्हणाले. आणि लगेच, "अक्कांना कळू न देता मोजा. चार वर्षं उपकार केलेत त्यांनी. चुकलं असं वाटायला नको."

विश्या मिळवल्या. सरांचं 'कमी' चार दिवसांत संपलं. गच्च जागा पाहिजेत तेवढ्याच गच्च निघाल्या. गर्दीला संकोच वगैरे काही वाटत नव्हतं. नवं म्हणावं असं निबंधात काही उरलं नाही.

पुण्यात काय झालं ते इथेच सांगते, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. मी बरोबर गेले होते. सरांनी निबंध पाठ केला होता, कागद दिसत नव्हते म्हणून. त्यांनी चूक लपवली नाही. भर सभेत सांगितलं, "मोजणाऱ्या बाई दर विसांमागे एक देवासाठी बाजूला काढत होत्या. त्यामुळे माझं उत्तर चुकलं. आणि त्या एकदाही चुकल्या नाहीत, म्हणून ते दुरुस्त करता आलं." लोक हसले. खूप हसले. पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक तेवढे हसले नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी सरांची वही मागून घेतली आणि चहा थंड होईपर्यंत चाळत बसले. त्यांच्याकडच्या मशीनने हेच माप एका दुपारीत काढलं होतं. दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहिले. दुसऱ्या दशांशापर्यंत जुळले. परतीच्या गाडीत सर चाळीसगाव येईपर्यंत मला सांगत होते, "जुळलं हो, बाई! अक्कांचं मोजणं जुळलं!" शोध लागला असता तर इतके खूश झाले असते की नाही, मला शंका आहे. नजर त्यांची पुढे सात-आठ महिन्यांत गेली.

पण मला सांगायचाय तो त्याच्या आधीचा शनिवार, पुण्याला जायच्या दोन आठवडे आधीचा. अक्का वाटी घेऊन मारुतीला गेल्या होत्या. त्या तासाभरात मी पूर्ण विशीचे चौकोन उरकायचे, असं ठरलं होतं. मी खिडकी ठेवून पेन्सिलने टिंब देत होते, सर वही धरून बसले होते. अक्का लवकर आल्या. गुडघे दुखत होते म्हणून वाटी ओतून लगेच मागे फिरल्या, देवळात टेकल्या नाहीत. दारात उभ्या राहून किती वेळ बघत होत्या, कळलं नाही.

"काय व माय, मनं मोजेल तू परत मोजस?"

मी पेन्सिल खाली ठेवली. खोटं बोलायला फटकळ तोंड उपयोगी पडत नाही. सर म्हणाले, "नाही अक्का, वहीत वीस आहेत, ते सहज..."

"सहज कसं? ह्या चौकोनमा ईस शेतस. मी सांगेल शे." त्या खाली बसल्या, माझ्या टिंबांवरून काडी फिरवली. पाच, धा, पंधरा, ईस. पुढचं टिंब राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाऊ देवना. तू तो बी मोजी लिधा?"

मी मान हलवली.

अक्कांचा चेहरा असा उतरला की मला पळून जावंसं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं. त्या हळू म्हणाल्या, "चार वरीस मी त्याना बाजूले काढी ठेवा. तुमले चालत नई व्हतं तं आगोदर सांगनं व्हतं. मनाकडून पाप व्हयनं का तुमना कामनं वाटोळं, ते तरी सांगा."

सर देवळात जाणारे नव्हते. जन्मात कधी नवस बोलले नसतील. मला वाटलं, आता हे गणित सांगायला लागतील आणि सगळं बिघडेल. ते सरकत सरकत अक्कांच्या समोर आले, हाताने चाचपून त्यांची काडी धरलेली मूठ शोधली.

"अक्का, लिंबं तुमची होती. तुमच्या मालातलं तुम्ही त्याला दिलंत, चांगलं केलंत. पण ह्या चांदण्या आपल्या कुठे आहेत? बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, त्याच्याच. त्याच्याच मालातली एक उचलून त्याला काय द्यायची?"

 बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मला रडू येत होतं आणि नाक ओढलं तर ऐकू जाईल म्हणून मी पदर तोंडाशी धरून बसले. अक्कांनी रिकामी वाटी उचलली, आत बघितलं, आणि ती मागे, चुलीकडे सरकवून दिली.

मग त्यांनी मला बाजूला हो म्हणून ढोसलं. माझी टिंबं त्यांना पसंत नव्हती. पिशवीतले तीळ काढले, प्रत्येक ठिपक्यावर एकेक ठेवला, घाई न करता, आणि काडी घेतली. पाच. धा. पंधरा. ईस. काडी थांबली. सवयीने ती बाजूला वळली, जिथे वाटी असायची तिकडे. तशीच काही वेळ हवेत राहिली. सरांनी पेन उघडून धरलं होतं.

"एकईस," अक्का म्हणाल्या, आणि सरांनी वहीत लिहिलं.